आज कुणावर?

अक्कांनी मला कधी ‘या’ म्हटलं नाही, ‘बसा’ म्हटलं नाही, आणि सोलापूरच्या माणसाला शोभणारं नसलं तरी ‘चहा घेणार का’ हेही कधी विचारलं नाही. क्लासच्या दारात त्या पांढऱ्या ड्रेसात, हात मागे बांधून उभ्या असायच्या. आत जाणारा पाच वर्षांचा पोरगा असो, नाहीतर माझ्यासारखी पंचेचाळिशीची, जिना चढूनच अर्धमेली झालेली बाई असो, प्रत्येकाला त्या एकच विचारायच्या.

“आज कुणावर?”

म्हणजे आज तुम्ही कुणावर ओरडलात?

खरं सांगायचं. सांगितलं तर त्या रागवायच्या नाहीत की उपदेश करायच्या नाहीत. फक्त मान हलवायच्या. “मग आज आरोळी न्हाय. जा आत.”

ज्यांनी कराटे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ठोसा मारताना पोटातून एक आरोळी काढतात. तिला जपानी नाव आहे, पण भवानी पेठेत तिला आरोळीच म्हणत. पोरं खरं तर तिच्यासाठीच क्लासला येतात. घरात तोंड उघडलं की ‘गप बस’ आणि इथं कुणीतरी वर हात करून ‘ओरड’ म्हणतंय, यापरतं सुख कुठलं? आणि अक्कांनी नेमकं त्या सुखालाच कुलूप घातलेलं. त्यांचं म्हणणं असं की माणसाला दिवसाला एकच खरी आरोळी मिळते. सकाळी उठलं की ताजी मिळते. “हितं ती कितीबी येळा मारा, सरत न्हाय. पन घरी सांडून आलात तर हितं कुठनं आणणार? पोकळ निघती. मला ऐकू येतंय की.”

“पण अक्का, पोरं ऐकत नाहीत तर रागवायचंच नाही का?” एकदा एका आईनं विचारलं.

“रागवा की. लई रागवा. रागवायला आवाज कशाला लागतोय?”

अक्कांना कोण विचारणार, तर आम्ही. रोज आमच्यातला एक जण दारात त्यांच्यासमोर उभा राहून विचारायचा, “अक्का, आज कुणावर?” त्या म्हणायच्या, “कुणावर न्हाय.” मग क्लास सुरू. अक्का दिवसा एका गारमेंट कारखान्यात कटिंग मास्तर होत्या. शाळांच्या गणवेशाच्या कापडाची ही एवढी चवड लावून मशीननं कापायची, वर मालकाची घाई, खाली शिलाईवाल्यांची घाई. तिथून येऊन रोज ‘कुणावर न्हाय’. सुरुवातीला मला वाटायचं, बाई थापा मारतात. मग एकदा लेकीचा गणवेश बदलून घ्यायला त्या कारखान्यात गेले. एका नवख्या मुलानं अख्खी चवड वाकडी लावलेली, आणि अक्का त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. मुलगा आपणहून चवड उचकटत होता. ते बघणं माझ्याकडे वळलं असतं तर मीही काहीतरी उचकटलं असतं.

मी क्लासला गेले ती लेकीला सोडायला. शिकायला नव्हे, हे आधीच सांगते, कारण घरात ही गोष्ट माझी सासू वेगळीच सांगते. मी दारात म्हटलं, “मी नुसती सोडायला आलेय.”

“सोडा की. पण कुणावर?”

मी काही बोलायच्या आत लेक सुरू. “आईनं आधी बाबांवर, मग आजीवर, मग दूधवाल्यावर. मग रिक्षात माझ्यावर.”

“दूधवाल्यानं काय केलतं?” अक्कांनी अगदी मनापासून विचारलं.

“पिशवी दाराच्या कडीला लावली नाही, खाली ठेवली. मांजरानं फोडली.”

अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अम्मा, तुमच्यात माल लई हाय. सगळा वाया चाललाय.”

अक्का तेलुगू घरातल्या. पाच वर्षांच्या मुलीपासून माझ्या सासूपर्यंत सगळ्या बायकांना त्या अम्मा म्हणायच्या. पण माझ्या ओरडण्याला ‘माल’ म्हणणारं माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटत होतं. माहेरी त्याला कटकट म्हणत, सासरी बीपी. दुसऱ्या दिवशी मी ड्रेस आणला. सगळ्यात मोठ्या मापाचा होता, तरी तो माझ्याशी वाद घालत होता. आरशासमोर पट्टा बांधला तर सासूबाई मागून म्हणाल्या, “साबुदाण्याच्या पोत्याला सुतळी बांधल्यागत दिसतंय.” मी फिरून ओरडणार होते. मग आठवलं, आरोळी! तोंड मिटलं. सासूबाई घाबरल्या. “काय गं, बरं न्हाय का?”

पहिले कित्येक दिवस अक्कांनी आम्हाला फक्त पाडलं. हॉलमध्ये सोलापुरी चादरींचा थर असायचा. विणताना खोट राहिलेला, बाजारात न गेलेला माल, त्यांच्या भावाच्या मागावरचा. कुठे मोराला चोच नाही, कुठे फुलाचा रंग बॉर्डरमध्ये घुसलेला. त्या चोच नसलेल्या मोरावर मी जे काही आदळलेय! “उभं ऱ्हायला आई शिकवती,” अक्का म्हणायच्या, “पडायला कोन शिकवतंय? रस्त्यानं जाताना शिकतो आपन, दात पाडून.” बाकीच्यांना पडायला शिकवावं लागलं. मला थांबायला शिकवावं लागलं, कारण एकदा गडगडले की मी भिंतीपर्यंत जायची. खालचा चिवड्याचा दुकानदार एकदा वर येऊन म्हणाला, “अक्का, पोती उतरवायची असली तर मागनं उतरवा, माझ्या बरण्या नाचायल्यात.”

“पोती न्हाईत,” अक्का म्हणाल्या, “अम्मा हाईत.”

पट्ट्यांचं कौतुक त्यांना बिलकूल नव्हतं. पिवळा मिळाला म्हणून कुणी पेढे आणले तर पेढे खायच्या आणि म्हणायच्या, “पट्टा कशाला असतोय? चोळणा खाली येऊ नये म्हणून.” त्यांचा स्वतःचा पट्टा ब्राऊन होता. तो धुऊन धुऊन चहात बुडवून काढलेल्या खारीच्या रंगाचा झालेला. हा क्लास मुळात त्यांच्या भावाचा. भाऊ कामासाठी हैदराबादला गेला तेव्हा, ‘आठ दिवस बघ’ म्हणाला. ते आठ दिवस संपायचे राहिले. पुढचा काळा पट्टा घ्यायचा म्हणजे परीक्षेला परगावी जायचं, आणि क्लासला सुट्टी द्यायची नाही, म्हणून अक्का ब्राऊनवरच राहिल्या. आम्हाला कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

मला वाटायचं ते एवढंच की मला आरोळी कधी मिळणार. पंधरवडा गेला, महिना गेला. बाकीचे ‘हाऽ’ करून ठोसा मारायचे आणि मी त्यांच्यात मुक्यानं, पाणी काढायच्या हापशासारखी हात वरखाली करत असायची. लेक रोज आरोळी मारायची. ती कुणावर ओरडणार? तिच्यावर ओरडायला आम्ही होतो.

मग एक दिवस मी ठरवलंच. सकाळी आमच्या ह्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला. गप्प. सासूबाईंनी मी मीठ घातलेल्या आमटीत परत मीठ घातलं. गप्प. दुपारी गॅस संपला, संध्याकाळी लेकीनं सांगितलं की उद्या शाळेत पुठ्ठ्याचा किल्ला न्यायचाय. मी नुसतं बघितलं, त्या कारखान्यातल्या बघण्यासारखं. लेक म्हणाली, “मी करते, मी करते.” आणि मी, डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालावं तशी, जपून, कुणाच्या अध्यात न येता भवानी पेठेतून निघाले. दारात प्रश्न आला. मी म्हटलं, “कुणावर नाही.” अक्कांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांत भीतीच होती म्हणा.

ठोसा सुटला आणि माझ्यातून जे बाहेर पडलं त्याला मी काय नाव देऊ! टॉवेल त्यात होता, मीठ होतं, पुठ्ठ्याचा किल्ला होता, लग्नातला एक जुना रुसवासुद्धा होता. खिडकीतली कबुतरं भर्रकन उडाली. खालून चिवडेवाला ओरडला, “काय झालं वो?” मला हसू येत होतं आणि थांबत नव्हतं.

अक्का पुढ्यात येऊन म्हणाल्या, “कोपर आत. परत.”

एवढंच. पण त्या रात्री मी जेवायला बसले तेव्हा आमचे हे म्हणाले, “आज तू वेगळीच दिसतीयेस.” मी म्हटलं, टॉवेल उचला.

हे सगळं झकास चाललेलं असताना सात रस्त्याला काचेची एक अकॅडमी निघाली. एसी, आरसे, भिंतीवर चित्रं आणि दारावर पाटी, ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’. आमच्याकडची पोरं एकेक करून तिकडं जायला लागली. आणि कुणाच्या तरी वडिलांच्या डोक्यात उजेड पडला. “बाईंचाच पट्टा ब्राऊन. त्या पोरांना काळा कुठनं देणार?”

हॉल समाजाचा होता. समाजाचे अध्यक्ष एक दिवस वर आले. माणूस सज्जन, कपड्याचे व्यापारी, बोलताना आपलीच अंगठी फिरवायची सवय. म्हणाले, “अक्का, राग मानू नका. अकॅडमीवाले हॉल मागायलेत, त्यांना पेठेत शाखा काढायचीय. पालक विचारतात, मी काय सांगू? तुम्ही काळा पट्टा घ्या, कुणाची बोलायची छाती होणार नाही. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मला हॉल त्यांना द्यावा लागेल.”

अक्कांनी एका चादरीचं दुमडलेलं टोक पायानं सरळ केलं. मग म्हणाल्या, “परीक्षा हितं घेतील का? क्लासला सुट्टी द्यायची न्हाय.”

पुण्याहून एक परीक्षक यायला तयार झाले. आणि मग पेठेला जो चेव चढला! मोठ्या मुली अक्कांचा काता बसवून घ्यायला पहाटे यायच्या. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग माळ, समोर शत्रू नसताना शत्रू आहे असं समजून करायची. अक्का साठीच्या उंबऱ्यावर होत्या. पण वळल्या की हवा कापल्याचा आवाज यायचा. आम्ही बघत बसायचो, आणि आमच्या मुठी आपोआप वळायच्या.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांचा फ्लेक्सचा धंदा आहे. सोलापुरात कुणाचा वाढदिवस आला, कुणाची नेमणूक झाली, कुणाच्या पुतण्याला नातू झाला की आमच्या घरी चूल पेटते. ह्यांना दुसऱ्याचा आनंद छापल्याशिवाय राहवत नाही. परीक्षेच्या सकाळी मी अंघोळीला गेलेली असताना हे घरातून निघाले ते शिडी घेऊनच.

मी कोपऱ्यावर पोचले तेव्हा तो लागलेला होता. दुमजली फ्लेक्स. मध्ये अक्का हवेत उडून लाथ मारतायत. म्हणजे धड कुणातरी परदेशी दांडगेश्वराचं, डोकं अक्कांचं, तेही आधार कार्डावरच्या फोटोतली. कमरेला काळाकुट्ट पट्टा. वर लिहिलेलं, ‘आमच्या अक्कांना ब्लॅक बेल्ट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून हे स्वतः, गॉगल लावून, आणि शेजारी सासूबाई, त्याही हसतमुख. परीक्षा अजून व्हायची होती!

तेवढ्यात अक्कांची स्कूटी आली. ब्रेक लागला. अक्कांनी वर बघितलं. शिडीवरून ह्यांनी आनंदानं हात केला. “अक्का, कसा आलाय?”

“उतरवा ते!”

मी एवढा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. समोरच्या हॉटेलात वडे तळणाऱ्याच्या हातातला झारा तसाच राहिला. “न मिळालेलं माझ्या नावावर लावताय? आधी उतरवा!” ह्यांचा गॉगल खाली पडला, शिडी हलली, आणि फ्लेक्सची एक दोरी सुटून अक्कांची परदेशी तंगडी वाऱ्यावर फडफडायला लागली.

मग अक्कांनी आपलाच हात आपल्या तोंडावर ठेवला.

त्या दिवशी दारात विचारायची पाळी माझी होती. अक्का जिना चढून आल्या आणि दारात थांबल्या. मी बाजूला सरले. त्या आत जाईनात.

“विचारा.”

“राहू द्या अक्का. परीक्षा आहे आज.”

“विचारा, अम्मा.”

मी दाराच्या चौकटीकडे बघून विचारलं, “आज कुणावर?”

“तुमच्या मालकांवर,” अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

काता सुरू झाला. त्या इतक्या सुंदर वळल्या, इतक्या नेमक्या बसल्या-उठल्या की परीक्षक सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. पण जिथं आरोळी यायची तिथं अक्कांचा ठोसा सुटला आणि तोंड बंद. शेवटीही तेच.

“आरोळी?” सर म्हणाले.

“आज न्हाय, सर.”

“न्हाय म्हणजे?”

“खर्च झाली.”

आम्ही सगळ्यांनी मिळून सरांना क्लासचा नियम सांगितला. प्रत्येकजण मध्येच बोलत होता, तरी एकदाचा तो त्यांच्या डोक्यात शिरला. सर सावकाश म्हणाले, “बाई, काता निर्दोष होता. पण आरोळीशिवाय मी पास करू शकत नाही. नियम आहे.”

“बरोबर हाय. तुमचा तुमच्या जागी बरोबर हाय.”

“मग एकदा ओरडा की, बाई!” अध्यक्ष खुर्चीतून कळवळले. “काय जातंय? हॉल जातोय हो!”

तोवर हे गुंडाळलेला फ्लेक्स काखेत मारून मागं येऊन उभे राहिले होते. “अक्का, माझ्यावरचं ओरडणं धरू नका! मला रोजचं आहे. बायकोला विचारा!”

पोरं हसली. अक्काही हसल्या, पण मान आडवी हलवत. “उद्या दारात ह्या पोरांना कोनत्या तोंडानं विचारू?” म्हणाल्या. “आरोळी उद्याची उद्या मिळती, सर. आज न्हाय.”

सरांची परतीची गाडी संध्याकाळची. पाहुणा उपाशी जायला नको म्हणून त्यांना आमच्याकडे जेवायला आणलं. सासूबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी, वर शेंगापोळी आणि तुपाची वाटी असा बेत मांडला. सर जेवले, घाम पुसला, परत जेवले. पोळी पानात पडत राहिली. शेवटी ते “बास, बास” म्हणाले तेव्हा सासूबाई त्यांच्यासमोर बसल्या.

“सर, तुमी पोरांना काय शिकवता वो?”

“कराटे. शिस्त. संयम.”

“संयम म्हंजे थांबायचं की. मग एक रात तुमालाच थांबवत न्हाय व्हय?”

सरांनी हात धुतले. ओली बोटं एकेक करून रुमालाला पुसली. मग म्हणाले, “लॉज कुठं चांगला आहे इथं?”

मी क्लासच्या ड्रेसातच जिन्यावरून अक्कांच्या गल्लीकडे धावत सुटले. पट्टा सुटला तरी धावले. गल्लीभर बातमी पसरली आणि त्याबरोबर दुसरी भीतीही पसरली. उद्या सकाळी अक्का दारात ‘कुणावर न्हाय’ म्हणाल्या तरच. आणि उद्या पाण्याचा दिवस!

सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्या सकाळी भवानी पेठेत सख्खे भाऊ एकमेकांचे पाइप उपटतात. कुणी मोटार लावली, कुणी आधी घागर सरकवली, कुणाच्या बापानं काय केलं होतं, सगळं त्या तासाभरात निघतं. पाण्याच्या दिवशी आरोळी शाबूत ठेवणं म्हणजे पेटलेल्या भट्टीतून लोणी नेणं. ते अक्का इतकी वर्षं कसं करत होत्या, हे आम्हाला त्या सकाळी पहिल्यांदाच कळायचं होतं.

पाणी आलं. आणि पेठेत कुणी बोललं नाही!

घागरी वाजू नयेत म्हणून बायकांनी तळाशी फडकी लावलेली. भांडणं चाललेली होती, थांबली नव्हती, पण खुणांनी. चिवडेवाला शेजाऱ्याला डोळे वटारून मोटारीकडे बोट दाखवत होता आणि शेजारी छातीवर हात ठेवून शपथा घेत होता, सगळं मुक्यानं. अक्का पिंपात पाइप सोडून मधोमध उभ्या. माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, “काय झालंय सगळ्यांना? मी काय आजारी हाय?”

ह्यांना मी घरात कोंडलं होतं. सासूबाईंनी त्यांना सोडलं, म्हणे ‘मदत करू दे बिचाऱ्याला.’ हे आले ते थेट अक्कांच्या भरल्या पिंपाकडे. “अक्का, मी आत ठेवतो” म्हणत मिठी मारून उचललं, ओल्या फरशीवर पाय घसरला, आणि हे पिंपासकट आडवे. अख्खं पिंप गटारात. त्याच क्षणी नळानं फुस्स केलं आणि पाणी गेलं.

गल्लीतला प्रत्येक माणूस होता तिथं थिजला. मी ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. हे पाण्यात बसलेले, केसांतून निथळणारे, आणि अक्का त्यांच्यासमोर. अक्कांच्या मानेची शीर मला दिसत होती. ती वर आली. तशीच राहिली. मग हळूहळू बसली.

“डावा खांदा आधी टेकवायचा,” अक्का म्हणाल्या, अगदी हळू. “हनुवटी छातीला. पडायला शिकायला या उद्यापासनं.”

मी त्या गल्लीत रडले. चिवडेवाल्यानं आपली भरलेली घागर उचलली आणि अक्कांच्या दारात नेऊन ठेवली. मागून शेजाऱ्यानंही ठेवली. मग रांगच लागली.

हॉल खचाखच भरला होता. अकॅडमीत गेलेली काही पोरंही मागच्या भिंतीला लागून उभी होती. दारात मी विचारलं, “अक्का, आज कुणावर?” त्या म्हणाल्या, “कुणावर न्हाय.” त्यांच्यामागून परीक्षक सर आले, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“सर, आज कुणावर?”

सर चपापले. अक्कांनी वळून बघितलं. सर लॉजच्या दिशेला बघत अंगठ्यानं कान खाजवत म्हणाले, “मॅनेजरवर. गरम पाणी नव्हतं.”

“मग आवाज न्हाय, सर,” अक्का शांतपणे म्हणाल्या.

मला वाटलं आता संपलं सगळं. परीक्षेतले हुकूम खणखणीत द्यायचे असतात, तीच रीत. पण सरांनी एकवार हॉलभर बघितलं, जिन्यात बूट काढले, आणि मध्यभागी जाऊन हातानं खूण केली. सुरू करा.

अक्कांचा काता मी परत काय सांगू? पायाखालच्या चादरी हलल्या नाहीत. वळणं, अडवणं, बसणं, उठणं, आणि मग तो ठोसा.

आरोळी निघाली. मोठी नव्हती हो ती. मला वाटलं होतं छत उडेल. ती खोल होती, विहिरीच्या तळातून कुणी नाव घेऊन हाक मारावी तशी, आणि माझ्या छातीच्या फळीवर येऊन टेकली. शेजारी उभ्या असलेल्या लेकीनं माझा हात धरला.

शेवटच्या आरोळीनंतर सर पुढं झाले आणि कुजबुजले, “पास.”

आणि मग त्या हॉलमध्ये जे झालं ते मी अजून कुठं बघितलं नाही. सगळ्यांनी उड्या मारल्या, मिठ्या मारल्या, पोरांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं, सासूबाईंनी सरांच्या गालाला हात लावून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि आवाज म्हणून नाही! परीक्षेपायी त्या दिवशी क्लास सकाळीच ठेवलेला, आणि तो अजून व्हायचा होता. ज्याची त्याला आपली आरोळी जपायची होती. चादरींवर पायांची धपधप तेवढी, आणि खाली बरण्या नाचत होत्या. अक्का त्या गोंधळात उभ्या, डोळे पुसत, पुसताना कुणी बघतंय का ते बघत.

मग त्यांनी टाळी वाजवली. आम्ही रांगेत उभे राहिलो, मुठी कमरेला. हात वर गेला, खाली आला, आणि अख्ख्या हॉलची आरोळी एकदम सुटली. ती हवेत असतानाच मागून आणखी एक आली, उशिरा, चिरकी, पण अंतःकरणापासूनची. आम्ही वळून बघितलं. अध्यक्ष खुर्चीपुढं उभे होते. एक पाय पुढं, मूठ हवेत, अंगठी बोटात फिरून उलटी झालेली, आणि आपल्याला हे काय झालं अशा चेहऱ्यानं ते अक्कांकडे बघत होते.

अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आज कुणावर?”

“कुणावर नाही, अक्का,” अध्यक्ष म्हणाले. “शपथ.”

“मग कोपर आत घ्या,” अक्का म्हणाल्या. “आणि परत.”